पगार की गाव?

मागच्या महिन्यात मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नात पंगत उठता उठता एक वाद रंगला. आमचा दादा नुकताच आयकर भरून बसलेला, त्यामुळे तो पेटलेलाच होता. म्हणाला, "पूर्वीचे राजे सहावा हिस्सा घ्यायचे. सहावा! म्हणजे साडेसोळा टक्के. आणि आता बघा." यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. जेवण झाल्यावर असल्या विधानांना नेहमीच बहुमत मिळतं.

बाबा शांतपणे सुपारी कातरत होते. त्यांची उभी हयात महसूल खात्यात गेली. तलाठी म्हणून लागले आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. ते एवढंच म्हणाले, "सहावा हिस्सा ठीक आहे रे. पण तो न्यायला कोण यायचं ते सांग."

दादाकडे उत्तर नव्हतं. खरं तर माझ्याकडेही नव्हतं. इतिहासाची आवड असल्याचा माझा घरात दबदबा आहे (निदान तसा माझा समज आहे), पण मीसुद्धा कराचे आकडे पाठ केले होते. कर गोळा करणाऱ्या माणसाचं पोट कशावर भरायचं याचा विचार कधी केला नव्हता. गेले काही दिवस तेवढ्या एकाच प्रश्नाचा धागा धरून घरातली पुस्तकं पुन्हा चाळली, आणि लक्षात आलं की मोठमोठ्या साम्राज्यांची तुलना करायला याच्याइतका सोपा प्रश्न दुसरा नाही. तुमच्या शिपायाला आणि अंमलदाराला तुम्ही काय देता? पगार, की गाव?

म्हणजे असं बघा. राज्य मोठं झालं की राजाला सैन्य लागतं, कारकून लागतात. त्यांना पोसण्याच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे सगळा महसूल आधी खजिन्यात आणायचा, मोजायचा आणि मग प्रत्येकाला रोख द्यायचा. दुसरी म्हणजे सरळ सांगायचं, "अमुक गावाचा महसूल तुझा. तूच वसूल कर, त्यातच शिपाई ठेव, आणि बोलावीन तेव्हा हजर हो." दुसरी तऱ्हा फारच सोयीची. ना नाणी पाडायला नकोत, ना धान्य राजधानीपर्यंत ओढायला नको, ना कारकुनांची फौज नको. म्हणूनच जगभर राजे पुन्हा पुन्हा तिकडे वळले, आणि बहुतेकांना त्याची किंमत मोजावी लागली.

हे दुखणं आपल्याकडे फार जुन्या काळी ओळखलेलं होतं. अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्र्यांच्या हाती १९०५ साली आली आणि १९०९ मध्ये छापली गेली. पुढे मुंबई विद्यापीठाने प्रा. र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती काढली. हा ग्रंथ थेट चंद्रगुप्ताच्या दरबारात लिहिला गेला असं आता फारसं कोणी मानत नाही. बरेच अभ्यासक तो इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतला समजतात. शिवाय तो राज्य कसं चालावं हे सांगतो, कसं चालत होतं हे नव्हे. तरीही त्यातली पगारांची यादी वाचण्यासारखी आहे. मंत्री, पुरोहित, सेनापती, युवराज यांना ४८,००० पण, शिकलेल्या पायदळाच्या शिपायाला ५०० पण आणि अगदी तळाच्या नोकराला ६० पण. वरच्या आणि खालच्या पगारात ८०० पट फरक! (हे दादाला सांगितलं तर तो दुसराच वाद काढेल.)

पण खरी गोष्ट त्या यादीच्या पुढे आहे. खजिन्यात पैसा कमी असेल तर काय करावं? कौटिल्य म्हणतो, वनातला माल द्या, जनावरं द्या, शेत द्या, थोडे पैसे द्या. मात्र नवी वस्ती उठवायची असेल तर पैसेच द्या, गाव देऊ नका. म्हणजे गावाचा कारभार नीट बसेल. शेत चालेल, गाव नको! शेत दिलं तर माणूस शेतकरी होतो. गाव दिलं तर तो तिथला छोटा राजा होतो. दोन हजार वर्षांपूर्वी कोणाला तरी हा फरक पक्का ठाऊक होता.

आता तेवढ्याच जुन्या रोमकडे बघू. रोमने पगाराचा रस्ता धरला, आणि तोही पद्धतशीरपणे. त्याआधी प्रजासत्ताकाच्या काळात अनेक प्रांतांतला कर ठेकेदार वसूल करत आणि त्यांच्या लुटीच्या कथा कुप्रसिद्ध होत्या. ऑगस्टसने इसवी सन ६ मध्ये निवृत्त सैनिकांसाठी वेगळा खजिना काढला आणि त्यासाठी वारशावर ५ टक्के आणि लिलावाच्या विक्रीवर १ टक्का कर बसवला. सैनिकाला वर्षाला २२५ दिनारियस पगार. सेनापती कितीही लाडका असला तरी पगार येणार सम्राटाच्या नावाने आणि सम्राटाचा मुखवटा असलेल्या नाण्यांत. सैनिकाला गाव नाही, महसूल नाही.

मग रोमचं काय बिघडलं? तर पगारालाही स्वतःचा रोग असतो. ज्याच्या हातात तलवार आहे त्याला कळतं की आपण नोकर आहोत खरे, पण मालक आपल्याशिवाय एक दिवस टिकत नाही. १९३ साली सम्राटाच्या अंगरक्षकांनी पेर्टिनाक्स या सम्राटाला मारलं आणि चक्क गादीचा लिलाव केला. डिडियस ज्युलियानस नावाच्या श्रीमंत माणसाने दर माणशी २५,००० सेस्टर्स देऊ करून साम्राज्य विकत घेतलं. जेमतेम दोन महिने ते त्याच्याकडे राहिलं! पुढचे सम्राट पगार वाढवत गेले आणि पैसा पुरेना म्हणून नाण्यातली चांदी कमी करत गेले. २६० च्या दशकात तर चांदीच्या म्हणवणाऱ्या नाण्यात चांदी नावालाच उरली होती. ३०१ मध्ये डायोक्लेशियनने सगळ्या वस्तूंचे कमाल भाव ठरवून दिले आणि मोडणाऱ्याला मृत्युदंड सांगितला. तरी भाव काही ऐकेनात. हळूहळू सैन्याची सोय धान्य-कपड्यांच्या रूपात थेट प्रांतांतून व्हायला लागली.

म्हणजे पगार द्यायचा तर तीन गोष्टी हव्यात : खरी नाणी, खरे हिशेब आणि शिपायापेक्षा भारी असा राजा. तिन्ही एकदम मिळणं कठीण.

आता थोडं पुढे येऊ. ९४५ साली इराणकडचे बुवैही सरदार बगदादमध्ये शिरले. खलिफा नावापुरता उरला. सैन्य पगार मागू लागलं आणि खजिना रिकामा. तेव्हा मुइझ्झुद्दौला या बुवैही अमिराने इराकमधल्या जमिनींचा महसूलच सैनिकांना लावून दिला. याला इक्ता म्हणतात. पुढे काय झालं ते मिस्कवैह या इतिहासकाराने लिहून ठेवलंय, आणि तो त्याच दरबारांत वावरलेला माणूस होता. सैनिकांनी कालव्यांकडे लक्ष दिलं नाही. जमीन पिळून काढली, ती उजाड झाली की ती परत करून दुसरी मागून घेतली. दुरुस्तीचा खर्च कोण करणार? दोन नद्यांच्या मधला तो मुलूख, हजारो वर्षं कालव्यांवर जगलेला. नांगर धरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने बघा : कराचा दर कागदावर तोच असेल, पण पूर्वी येणाऱ्या अंमलदाराला पुढच्या वर्षीच्या पिकाची काळजी होती, या नव्या माणसाला नव्हती.

सुमारे सव्वाशे-दीडशे वर्षांनी सेल्जुकांचा वजीर निजामुल्मुल्क याने यावर औषध सुचवलं. हा माणूस तीसेक वर्षं वजीर होता, १०९२ मध्ये मारेकऱ्याच्या हातून मेला. त्याने आपल्या सियासतनाम्यात दोन गोष्टी ठासून सांगितल्या. इक्तादाराचा हक्क फक्त ठरलेल्या महसुलावर आहे. रयतेच्या जिवावर, बायकामुलांवर, मालमत्तेवर नाही. आणि दुसरी : दर दोन-तीन वर्षांनी या लोकांना एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवा, म्हणजे त्यांची मुळं रुजणार नाहीत.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. दर दोन-तीन वर्षांनी! माझ्या लहानपणातलं सगळ्यात मोठं दुःख अकराव्या शतकातल्या एका वजिराने लिहून ठेवलं होतं. बाबांच्या बदल्यांपायी मी दहावीपर्यंत पाच शाळा पाहिल्या. मित्र जमले की ट्रक दारात उभा. आई म्हणायची, "सरकारला आपलं सुख बघवत नाही." आता कळलं की सरकारला बाबांची मुळं रुजलेली नको होती. :-)

पण गंमत अशी की हे औषधही पुरतं लागू पडत नाही. ते दिसतं मुघलांच्या काळात.

त्याआधी दिल्लीचा अल्लाउद्दीन खिलजी (१२९६ ते १३१६) आठवायला हवा. त्याने रोख पगाराचा हट्ट धरला. घोडेस्वाराला वर्षाला २३४ टंके. एवढ्या पगारात भागावं म्हणून दिल्लीतले धान्याचे, कापडाचे, घोड्यांचे भाव बांधले, कोठारं भरली, बाजारावर हेर ठेवले. हे सगळं चालवायला दोआबात पिकाचा अर्धा हिस्सा घेतला. दादाचा सहावा कुठे आणि हा अर्धा कुठे! म्हणजे सैन्याला पगार मिळाला, गावच्या खूत-मुकादमांची मिजास उतरली, पण शेतकऱ्याच्या कोठीत फारसं काही उरलं नाही. सुलतान मेला आणि भाव बांधण्याची ती यंत्रणाही त्याच्याबरोबर गेली. चाळीसेक वर्षांनी फिरोजशहा तुघलकाने उलट केलं. शिपायांना पगाराऐवजी गावांचा महसूल दिला आणि तो वारशाने मुलाला, जावयाला मिळेल असं ठरवलं. त्याच्या काळात लोक त्याला दुवा देत होते. १३८८ मध्ये तो गेला आणि दहा वर्षांत तैमूर दिल्लीत आला तेव्हा त्याला थोपवायला धड सैन्य उभं राहिलं नाही. सगळा दोष त्या एका निर्णयाचा नव्हे, गादीसाठीची भांडणंही होतीच. पण वारशाने मिळालेली नोकरी करायला कोण उत्साहाने धावतो?

अकबराने हे सगळं ओळखलं असावं. १५७४-७५ मध्ये त्याने एक मोठा प्रयोग केला. उत्तरेतल्या बऱ्याच सुभ्यांतल्या जहागिरी काढून घेतल्या, मुलूख थेट सरकारी केला, वसुलीला 'करोडी' नेमले आणि मनसबदारांना रोख द्यायचं ठरवलं. थोडक्यात, गाव नाही, पगार! पाचेक वर्षांत तो प्रयोग गुंडाळावा लागला. करोड्यांनीच रयतेला इतकं पिडलं की बदायुनीसारख्या इतिहासकाराने त्याबद्दल कडवट लिहून ठेवलंय. जहागिरी परत आल्या. पण प्रयोग वाया गेला नाही. त्या निमित्ताने जमिनी मोजल्या गेल्या, पिकांचे आणि भावांचे आकडे जमले, आणि त्यावरून १५८० मध्ये दहा वर्षांच्या सरासरीची 'दहसाला' पद्धत आली. जहागीरदार वसूल करणार, पण किती करायचं ते बादशाही दप्तर ठरवणार, आणि तीन-चार वर्षांनी त्याची बदली होणार. निजामुल्मुल्काच्या औषधाला हिशेबाची जोड मिळाली. शंभरएक वर्षं हे बरं चाललं.

मग जे झालं ते दोन वेगळ्या माणसांनी लिहिलंय. एक फ्रेंच डॉक्टर बर्निए, जो बरीच वर्षं इथे होता. दुसरा भीमसेन सक्सेना, औरंगजेबाच्या सैन्याबरोबर दख्खनभर फिरलेला कायस्थ कारकून. दोघांचं म्हणणं साधारण एकच : पुढच्या वर्षी ही जहागीर आपल्याकडे राहील याची खात्री नाही, मग विहीर कशाला बांधा, कुळाला दम कशाला धरू द्या? आज मिळेल ते ओरबाडा. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर दख्खनी सरदारांना सामावून घ्यायला जहागिरी पुरेनात. कागदावर मनसब, हातात काही नाही, अशी माणसं छावणीत वाट बघत बसली. मुळं रुजू नयेत म्हणून केलेली बदली शेवटी पीकच उपटून न्यायला लागली.

आणि बदल्या थांबवल्या तर? तेही झालं. औरंगजेबानंतर सुभेदार एका जागी ठाण मांडून बसले. १७२४ मध्ये आपल्या बुलढाण्यातल्या साखरखेर्ड्याची लढाई जिंकून निजाम हैदराबादचा धनी झाला. तिकडे बंगाल आणि अयोध्येत तेच.

म्हणजे कोडं असं आहे. गाव दिलं आणि माणूस हलवत राहिलात तर तो लुटतो. गाव दिलं आणि हलवलं नाहीत तर तो राजा होतो. बगदादपासून दिल्लीपर्यंत सगळ्यांनी या दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घातल्या. माणसं वाईट होती म्हणून नव्हे. वसूल करणारा आणि ते खाणारा हात एकच होता म्हणून.

चीनने यातून वेगळी वाट काढली. तांग साम्राज्यात ७५५ ते ७६३ च्या बंडानंतर सीमेवरचे सेनापती महसूल स्वतःच ठेवायला लागले आणि पद मुलाला द्यायला लागले. ९०७ मध्ये साम्राज्य संपलं. ९६० मध्ये सोंग घराणं आलं. त्यांच्या पहिल्या सम्राटाने आपल्या सेनापतींना मेजवानीला बोलावून, दारू पाजून, गोड बोलून निवृत्त केलं अशी गोष्ट सांगतात. नंतर सैन्य सगळं पगारी, कारभार परीक्षा देऊन आलेल्या मुलकी अधिकाऱ्यांच्या हाती. १०४० च्या दशकात बारा लाखांवर सैनिक पगारावर होते! नाणी कमी पडू नयेत म्हणून ती प्रचंड पाडली, १०२४ मध्ये सरकारी कागदी चलनही काढलं. एकही सेनापती राजा झाला नाही. पण सैनिक आणि सेनापती यांची एकमेकांशी ओळख होऊ नये इतक्या अदलाबदली केल्या की लढाईत त्याचा तोटाच झाला. ११२७ मध्ये उत्तरेच्या जुर्चेनांनी राजधानी काबीज करून सम्राटाला धरून नेलं. आतला धोका टाळता टाळता बाहेरचा राहून गेला.

आता आपल्या घरी. सभासद सांगतो की शिवाजीमहाराजांनी शिपायांना, सरदारांना गावं मोकासा दिली नाहीत. खजिन्यातून रोख किंवा वरात, म्हणजे अमुक ठिकाणच्या महसुलातून अमुक रक्कम घेण्याची चिठ्ठी. वसुली सरकारी कारकुनांची. अण्णाजी दत्तोंच्या हातून जमिनीची पाहणी झाली. आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांबद्दल स्पष्ट इशारा आहे : यांना वतनदार म्हणायचं इतकंच, हे खरे तर लहान लहान राजेच आहेत. कौटिल्याचंच म्हणणं, वेगळ्या अनुभवातून आलेलं.

मग हे टिकलं का नाही? १६८९ मध्ये संभाजीमहाराज गेले, राजाराममहाराजांना जिंजी गाठावी लागली. खजिना नाही, मुलूख शत्रूच्या ताब्यात. औरंगजेब सरदारांना वतनं, मनसबी देऊ करत होता. त्यांना धरून ठेवायला राजाकडे काय होतं? पुढे जिंकाल तो मुलूख तुमचा, हे आश्वासन. त्या आश्वासनावरच मराठी राज्य वाचलं, हे विसरून चालणार नाही. पण त्यातूनच सरंजाम वाढले. १७३१ मध्ये डभईला पेशवा आणि सेनापती, एकाच छत्रपतींचे दोन नोकर, गुजरातच्या महसुलावरून एकमेकांशी लढले आणि त्रिंबकराव दाभाडे मारले गेले. १८०२ च्या ऑक्टोबरमध्ये होळकरांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांना हरवलं, पेशवा वसईला इंग्रजांकडे गेला. ज्या तोडग्याने राज्य वाचवलं, त्यानेच ते शंभर वर्षांनी वाटून टाकलं. जिंजीतल्या त्या माणसाला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

असो. एवढं सगळं वाचून मी बाबांना फोन केला आणि म्हटलं, "तुमचा प्रश्न बरोबर होता. हिस्सा किती यापेक्षा न्यायला कोण येतो आणि त्याचं पोट कशावर भरतं, यावर सगळं ठरतं."

बाबा हसले. म्हणाले, मी तलाठी म्हणून पहिल्यांदा रुजू झालो १९७४ ला. कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली होती, पाटील वतनं १९६२ च्या. कागदावर सगळं संपलेलं. पण गावातली माणसं दाखला, उतारा काही हवं असलं की आधी जुन्या कुलकर्ण्यांच्या ओसरीवर जायची. त्यांच्या आजोबांच्या हातचं दप्तर अजून त्यांच्या माळ्यावर होतं, कोणाचा बांध कुठे हे त्यांना तोंडपाठ. मला कोण विचारतंय? मी पगारी पोरगा, आज आहे उद्या नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. घरोघर फिरलो. बांधावर गेलो. तीन वर्षांनी लोक सरळ चावडीवर यायला लागले. एका म्हातारीने तर सांगितलं, तुम्हाला काही द्यावं लागत नाही म्हणून येते."

"आणि?"

"आणि बदली झाली."

ते वर्ष माझ्या जन्माच्या आधीचं, त्यामुळे त्या ट्रकवर आमचं सामान फारसं नसणार. पण बाबांच्या आवाजात अजून ती जराशी हळहळ होती. अकराव्या शतकातल्या वजिराचं म्हणणं मला आता पटतं. तरी त्या गावात बाबा आणखी दोन वर्षं राहिले असते तर काय बिघडलं असतं, असंही वाटतंच.

दादाला हे सगळं पुढच्या लग्नात सांगणार आहे. तोपर्यंत त्याने कर वेळेवर भरावा.